परड्यातला खजूर आणि मळ्यातला

माझे वडील महाराजांच्या पागेत नालबंद होते. घोड्यांच्या खुरांना नाल मारायचं काम आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. घराच्या एका अंगाला अब्बांची भट्टी होती आणि भट्टीच्या मागं चार खाटा मावतील एवढं परडं. त्यात अम्मा हाताला येईल ते लावायची. मेंदी, पुदिना, एक लिंबू, कधी वांग्याची चार रोपं. घरात आम्ही दखनी बोलायचो आणि दाराबाहेर कोल्हापुरी. अम्माच्या तोंडात मात्र दोन्ही एकत्र व्हायचं, आणि पुढं पुढं आमचंही तसंच झालं.

मी सहा-सात वर्षांची असेन. पागेत अरबी घोडी विकायला एक सौदागर आला होता. मुंबईपर्यंत जहाजानं आणि पुढं आगगाडीनं आणलेल्या त्याच्या जनावरांतली एक घोडी लंगडत होती. अब्बांनी तिचा नाल काढला, खुरात रुतलेला खडा बाहेर काढला, जखम भरू दिली आणि मग नवा नाल बसवला. घोडी नीट चालायला लागली. सौदागर खूश झाला. जाताना त्यानं अब्बांच्या हातात झावळीच्या चटईत शिवलेलं खजुराचं एक बोचकं ठेवलं.

बाजारात मिळणारा खजूर आम्हाला ठाऊक होता, पण हा वेगळाच होता. मऊ, लालसर, जिभेवर ठेवला की विरघळणारा. गल्लीत सगळ्यांना एकेक वाटून झाला. अम्मा प्रत्येकाला सांगत होती, "बी टाकू नगासा. मला परत आणून द्या."

अब्बा हसले. "आगं, उगवलं तरी फळ धराय अरबस्तानातला उन्हाळा कुठनं आणणार?"

"आधी उगवू तर द्या की," अम्मा म्हणाली.

तिनं बिया धुऊन पाण्यात भिजत घातल्या. रोज सकाळी पाणी बदलायचं काम माझं. मग त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून तिनं भट्टीच्या भिंतीला टेकवून ठेवल्या, कारण ती भिंत कायम कोमट असायची. रोज गोणपाट उलगडून मी बघायची आणि रोज काहीच झालेलं नसायचं. एके दिवशी एका बीच्या पाठीतून पांढरं टोक बाहेर आलेलं दिसलं आणि मी ओरडत घरभर फिरले. अम्मानं गळक्या घागरी आणि फुटके डेरे गोळा केले, तळाला खापऱ्या घातल्या, वर माती आणि घोड्याची कुजलेली लीद. त्यात एकेक बी आडवी पुरली.

खूप दिवसांनी मातीतून जे वर आलं ते गवताचं पातं वाटावं असं होतं. एकच, सरळ, हिरवं. शेजारणी बघून जायच्या आणि हसायच्या. "भाबी, घागरीत गवत लावलंयासा व्हय?" काही पाती कोंबड्यांनी खाल्ली, काही आपोआप वाळली. तरी पाच-सहा घागरींतली टिकली.

त्याच थंडीत शहरात प्लेग आला. घरात उंदीर मरून पडायला लागले की माणसं घर सोडायची. गावाबाहेरच्या माळावर झोपड्या उठल्या, तिकडं लोक राहायला गेले. मागं घरांची कौलं उतरवून आत ऊन सोडत होते, भिंती औषधाच्या पाण्यानं धूत होते. पागेतली घोडी पन्हाळ्याच्या पायथ्याकडं हलवायची ठरली आणि अब्बांना त्यांच्याबरोबर जावं लागलं. जाण्याआधी त्यांनी आम्हाला माळावर झोपडी घालून दिली. सामान न्यायला बैलगाडी आली तेव्हा अम्मानं आधी घागरी चढवल्या.

अब्बा वैतागले. "भांडी ऱ्हायली खाली, आणि झाडं न्हेतीस?"

"भांडी मरत न्हाईत," अम्मा म्हणाली.

माळावर आमच्या शेजारच्या झोपडीत एक शेतकरी जोडपं होतं. पंचगंगेच्या काठाला त्यांचा मळा होता. बाई माहेरची नेसरीकडची, बोलताना मधेच कानडी शब्द यायचे. पण हे मला नंतर कळलं, कारण त्या वेळी ती बोलतच नव्हती. घर सोडायच्या आधी त्यांची एकुलती एक मुलगी त्याच आजारात गेली होती. माझ्याच वयाची. बाई झोपडीच्या तोंडाशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असायची. नवरा भाकऱ्या थापायचा, त्या कडेनं करपायच्या, आणि तो त्यातला बरा तुकडा तिच्यासमोर ठेवायचा. तो तसाच राहायचा.

मग अम्माला ताप भरला. जांघेत गाठ आली. आजाऱ्यांसाठी लांब वेगळ्या झोपड्या होत्या, तिथं न्यायला गाडी आली. अम्माला धरून गाडीत चढवलं. मी मागं लागले तसं गाडीवाल्यानं मला अडवलं. अम्मानं मान वळवली आणि एवढंच म्हणाली, "झाडांना पानी घाल."

गाडी गेली आणि मी झोपडीसमोर एकटी उभी राहिले. आजूबाजूच्या बायांनी आपापली पोरं आत ओढून घेतली. त्यांना मी कधीच बोल लावला नाही. प्रत्येकीला आपलं लेकरू होतं, आणि मी गाठ आलेल्या घरची होते. मला रडूसुद्धा येत नव्हतं.

तेव्हा ती शेजारची बाई उठली. इतके दिवस बसून राहिल्यामुळं तिचे पाय अवघडले होते, ती एक हात झोपडीच्या कुडाला धरून चालत माझ्यापर्यंत आली.

"चल," ती म्हणाली. "आत चल."

तिचा नवरा दारात आला. "आगं, त्या झोपडीतली हाय ती पोर."

"म्हाईत हाय मला. माझं आता काय न्ह्यायचं ऱ्हायलंय? चल गं."

तो बाजूला झाला. मग माझ्यासाठी कडब्याचं अंथरूण घालायला लागला.

आत गेल्यावर तिनं विचारलं, "आमची भाकरी चालती न्हवं तुला?" मी मान हलवली. त्या दिवशी भाकरी तिनं थापली. मी तिला मावशी म्हणायला लागले ते त्या जेवणापासून.

दुसऱ्या दिवशी मला अम्माचं बोलणं आठवलं. मावशीच्या कळशीतून लोटा भरून मी निघाले. माळावर पाणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणावं लागे, थेंब न् थेंब जपून वापरायचा.

"पानी कुठं न्हेतीस गं?"

"झाडांना."

ती माझ्या मागून आली. ओळीनं मांडलेल्या घागरी आणि त्यातलं एकेक पातं बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ह्या गवताला घालाय माझं पानी?"

"गवत न्हाय!" मी कमरेवर हात ठेवून ओरडले. "खजूर हाय! अरबस्तानातला!"

मावशी हसली. फार मोठ्यानं नाही, पण आवाज झाला. तिचा नवरा झोपडीतून पीठ माखल्या हातांनी बाहेर आला आणि तिच्याकडं बघत राहिला. त्याला मी काका म्हणत असे. कमी बोलणारा माणूस. त्या दिवसापासून तो विहिरीला एक खेप जास्त घालायला लागला, आणि ती कळशी न बोलता घागरींजवळ ठेवून द्यायचा.

सकाळी मावशी माझे केस विंचरायची. तेल लावून घट्ट वेणी घालायची, आणि मधेच तिचा हात थांबायचा. मी मान वळवून बघत नसे. संध्याकाळी मी अम्मानं शिकवलेली दुवा म्हणायची. एकदा मावशीनं विचारलं, "कुठल्या तोंडानं बसायचं अस्तंय?" मी पश्चिमेकडं हात केला. ती माझ्या शेजारी हात जोडून त्याच दिशेला बसली. "तू म्हण. मी बसतो नुसता," ती म्हणाली. आमच्याकडं बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. मग ती रोज बसायला लागली.

अब्बांना निरोप पोचला तेव्हा ते घोड्यावरून आले. आत यायची मनाई होती, म्हणून वस्तीच्या कडेला उभे राहिले. मावशी माझं बोट धरून मला त्यांना दिसेल अशी उभी राहिली आणि ओरडून म्हणाली, "पोरगी हितं हाय. तुमी घोड्यांकडं बघा. मी हिच्याकडं बघतो." अब्बांनी फेटा काढला, परत घातला आणि पाठ फिरवून घोड्याचा लगाम नीट करत बसले. लगाम नीटच होता.

अम्माची गाठ फुटली आणि ती वाचली. त्या झोपड्यांतून चालत परत आलेली माणसं थोडी, त्यांत आमची अम्मा होती. काठी टेकत येणारी, केस गळालेली बाई बघून मी ओळखलंच नाही. मावशीनं ओळखलं. तिनं मला पुढं ढकललं. अम्मा माझ्याजवळ न थांबता आधी मावशीच्या पायाशी वाकायला लागली. मावशीनं तिला वरच्यावर धरलं. "आजारातनं उठलीयास, वाकू नगंस. पडशील."

माळावरून परत जायचा दिवस आला तसं अम्मा मला घेऊन शेजारच्या झोपडीत गेली. म्हणाली, "आक्का, तुला द्यायजोगं माझ्याकडं काय न्हाय. ह्यातलं तुला आवडंल ते झाड घेऊन जा." मावशी घागरींसमोर बराच वेळ बसली. एका रोपाला माळावरच दुसरं पातं फुटलं होतं. ते फुटलं तेव्हा मला हाक मारून दाखवलेलं तिनंच. तिनं ती घागर उचलून काखेत घेतली.

मावशीनं तिचं रोप मळ्यातल्या विहिरीशेजारी लावलं, अम्मानं आमची परड्यात. आमच्या रोपांतलं शेवटी भट्टीच्या भिंतीजवळचं एकच वाढलं. दोन्ही घरांची ये-जा सुरू झाली. मावशी भाजीची पाटी घेऊन बाजाराला आली की आमच्या दारात टेकायची, मी सुट्टी असली की मळ्यात. सुट्टी, कारण मी शाळेत जात होते, आणि तेही मावशीमुळंच. "पोरगीला शाळंत घाल की भाबी. हुशार हाय," असं तिनं अम्माला इतक्यांदा सांगितलं की अम्मानं अब्बांना सांगितलं, आणि अब्बांनी मला मुलींच्या शाळेत नेऊन बसवलं. ती स्वतः अंगठा उठवायची. माझी पाटी हातात घेऊन ती उलटसुलट बघायची आणि पदरानं पुसून परत द्यायची.

झाडं वाढली. झावळ्यांच्या बुडाला लांब काटे आले, माझे आणि माळावरून परतल्यावर झालेल्या माझ्या पाठच्या भावाचे हात कायम ओरखडलेले असायचे. मळ्यातलं झाड आधी फुलावर आलं. पोय, म्हणजे तुऱ्यावरचं जाड आवरण, फुटून आतून पांढरा तुरा निघाला. आम्ही सगळे बघायला गेलो. तुरा हलला की पिठासारखी पूड उडायची. पण फळ काही धरलं नाही. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मावशीची सासू म्हणायला लागली, झाड वांझ आहे, तोडून टाका, विहिरीची जागा अडवलीय. मावशीला पहिल्या मुलीनंतर मूल झालं नव्हतं. घरात झाडाबद्दल बोलणं चाललंय की आपल्याबद्दल, हे तिला कळत होतं. काकांना एकदा कुऱ्हाड हातात देऊन पाठवलं गेलं. ते विहिरीपाशी गेले, जळणासाठी बाभळीची फांदी तोडली आणि परत आले. झाडाचं नाव कुणी काढलं तर उठून बैलांकडं जायचे.

आमच्या झाडालाही तुरा आला, पण वेगळा. त्याला मण्यांसारखे हिरवट गोळे होते. तेही सुकून गळून गेले.

आणि मग तोच सौदागर पुन्हा घोडी घेऊन पागेत आला. दाढी पांढरी झाली होती. अब्बांनी त्याला सांगितलं, तुमच्या खजुराच्या बिया आमच्या घरी उगवल्या. त्याला खरं वाटेना. तो अब्बांबरोबर घरी आला. परड्यात शिरला आणि त्याला झाड दिसलं. पुढं होऊन, काट्यांतून हात घालून त्यानं बुंध्यावर तळवा ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. अम्मा पदर डोक्यावर ओढून दारात उभी होती. ती माझ्या कानात म्हणाली, "पानी आणून दे त्येला." मी पाणी दिलं. त्यानं ते पिऊन डोळे पुसले आणि मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, "ही मादी आहे. हिचा नर कुठं आहे?"

आम्हाला काही समजेना. मग त्यानं समजावून सांगितलं. खजुरात नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. बी लावून झाड केलं तर कुठलं काय निघेल ते फुलल्याशिवाय सांगता येत नाही. नराला फळ कधीच धरत नाही. त्याच्या तुऱ्याच्या काड्या मादीच्या उमललेल्या तुऱ्यात खोचून वरून सैल बांधायच्या. एका नरावर कितीतरी झाडं धरतात, त्याच्या गावी नराला फार जपतात.

मी आणि अम्मानं एकमेकींकडं बघितलं आणि दोघीही एकदमच बोललो, "मळ्यातलं!"

निरोप द्यायला मीच पळत गेले. मावशी वाफ्यात भांगलत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिनं खुरपं खाली टाकलं. "म्हंजी वांझ न्हवं त्ये?"

"न्हवं गं! नर हाय! त्येच्याबिगर आमच्या झाडाला काय धरतच न्हाय!"

मावशी तिथंच वाफ्यात बसली. पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मला आजही सांगता यायचं नाही. मग उठून सासूच्या खोपटाकडं तोंड करून, सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आयकलासा का मामी? नर हाय त्यो! अरबस्तानातला!"

पुढच्या वर्षी थंडी ओसरता ओसरता मावशी धुतलेल्या फडक्यात तुरा गुंडाळून आमच्याकडं आली. अब्बांनी स्टूल धरलं, मावशी वर चढली आणि तिनंच काड्या खोचून केळीच्या सोपटानं बांधल्या. तिचे हात, चोळी, केस सगळं पांढरं झालं होतं. महिन्याभरात हिरवे गोळे फुगायला लागले. घड लोंबायला लागले, पिवळे झाले, गल्ली जमा झाली. पण पिकायच्या आत पावसानं गाठलं आणि सगळे घड झाडावरच कुजले. अरबस्तानातला उन्हाळा कुठनं आणणार, असं अब्बा सुरुवातीलाच बोलले होते, आणि आता ते त्यांनी आम्हाला ऐकवलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी मात्र कुजलेले घड उतरवून खतात टाकले.

त्याच्या पुढच्या वर्षी अम्मानं ठरवलं की वाट बघायची नाही. फळ पिवळं झालं की उतरवायचं. कच्चं फळ तुरट-गोड लागत होतं, थोडं खाल्लं की जीभ जड व्हायची. मावशीनं विचारलं, "खारीक तरी हीच न्हवं? शिजवून वाळवत असतील." दोघींनी मोठ्या हंड्यात ती फळं उकळली आणि उन्हात पसरली. ढग आले तशी उचलून भट्टीच्या भिंतीवरच्या फळीवर मांडली. अब्बा दिवसभर ऐरणीवर घाव घालायचे आणि वर फळं आक्रसत जायची. शेवटी हाताला जे आलं ते बारीक, सुरकुतलेलं, गर कमी आणि बी मोठं असं होतं. पण चघळलं की गोड होतं, आणि खारीक होती. त्या रमजानात आमचा रोजा त्या खारकेवर सुटला, आणि मावशीनं नवरात्रात तिच्या देवीपुढं तीच ठेवली. त्यानंतर दर वर्षी दोन्ही घरांत निम्मी निम्मी व्हायची.

माझा निकाह ठरला मिरजेला. आमच्यात निकाह झाला की खारका वाटतात, आणि मावशीच्या घरी नवरीची ओटी भरतात तीही खारीक-खोबऱ्यानं. त्या वर्षीची सगळी खारीक अम्मानं आणि मावशीनं जपून ठेवली होती. काजींनी निकाह पढवला आणि अब्बांनी भरलेली पाटी फिरवली. पाहुणे बी थुंकून विचारत होते, "कुठली म्हणायची ही?" अब्बा छाती फुगवून सांगत होते, "आमच्या परड्यातली." लगेच सुधारून, "परड्यातली आणि मळ्यातली." निघताना मावशीनं मला बाजूला घेतलं, माझा पदर पसरला आणि त्यात मूठभर खारीक टाकली. म्हणाली, "चालतंय न्हवं तुमच्यात?" मी पदर दोन्ही हातांनी आणखी पसरला. अम्मा मागून म्हणाली, "चालतंय आक्का. भर."

त्यानंतर काही वर्षांनी मावशी गेली. थोड्या दिवसांच्या तापानं, पावसाळ्यात. मला निरोप मिळून मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. काका विहिरीपाशी बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

तो हिवाळा संपताना मी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी होते. आमच्या झाडाला तुरे उमलले होते. अम्मा दारातून बघायची आणि आत यायची. यंदा राहू दे, म्हणायची. मळ्यात माणूस पाठवून काकांकडं तुरा मागावा असं अब्बांना वाटत होतं, पण त्या घरातलं दुःख ताजं होतं, त्यांना ते जड वाटलं. एका सकाळी दाराची कडी वाजली. काका उभे होते. दाढी वाढलेली, हातात फडक्यात गुंडाळलेला तुरा. मावशी गुंडाळायची तसाच, दोन गाठी मारून.

अब्बा गडबडले. "आरं, तुमी कशाला तरास घेतलासा? आमी आलो असतो की."

"तुरा आलाय, म्हणून आलो," काका म्हणाले. जरा वेळानं त्यांनीच पुढं जोडलं, "तिनं सांगितलं न्हवतं. माझं मीच आलो."

ते स्टुलावर चढले. वय झालं होतं. अब्बांनी एका बाजूनं धरलं, भावानं दुसऱ्या बाजूनं. काकांना बांधायची सवय नव्हती, काड्या सारख्या निसटत होत्या. अम्मा खालून सांगत होती, "जरा सैल बांधा भाऊ. आक्का सैल बांधायची." त्यांनी सोडून परत बांधल्या. खाली उतरल्यावर ते ओसरीवर टेकले आणि मी त्यांना गूळपाणी दिलं. माझी तान्ही मुलगी शेजारी पाळण्यात होती. त्यांनी हात फडक्याला पुसले, तिला उचलून मांडीवर घेतलं, आणि तिनं त्यांच्या पांढऱ्या झालेल्या मिशा धरल्या तेव्हा हळूच म्हणाले, "बघ की, किती जोर हाय हिच्या मुठीत." मग अम्मानं भाकरी वाढली आणि ते जेवून गेले.